एकवीस दिवसांची ओल

केतकी निखाडेच्या हातात माइक आला की तिच्या अंगात वारं शिरायचं. त्या सकाळी तर माइक होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं व्यासपीठ होतं, पाठीशी अख्खी दहावी 'अ' होती आणि समोर नव्या कवठदोहच्या चौसष्ट घरांतल्या बायका होत्या.

"सारवण सोडा!" ती ओरडली.

"भिंत वाचवा!" मागून चाळीस गळे ओरडले.

घोषणा तिचीच. फलकही तिनेच रंगवलेले. आणि सगळ्यांच्या हातातले लोखंडी खरवडे कंपनीने दिलेले, कोरे करकरीत.

झालं होतं असं. जुनं कवठदोह कोळशाच्या खाणीने गिळलं, तेव्हा केतकी दहा वर्षांची होती. पुढची दोन वर्षं सारं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. उन्हाळ्यात भाजून निघालं, थंडीत काकडलं. मग २०४१च्या मार्च महिन्यात 'स्थिरमाती गृहरचना' नावाच्या कंपनीचं यंत्र आलं. त्याला लांबच लांब हात होता. सोऱ्यातून शेव पडावी तशी त्या हातातून भिंत पडायची, थरावर थर. माल म्हणाल तर इथलीच काळी माती, थोडी रेती आणि शंभरात आठ भाग सिमेंट. दीड दिवसात एक घर उभं! गावाने यंत्राचं नाव ठेवलं छापखाना, आणि घरांना म्हणायचे छापील घरं.

पहिली दोन वर्षं छापील घरं झकास राहिली. तिसऱ्या वर्षी भिंतींना ओल चढली. आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी. भिंतीवर क्षारांचा पांढरा लोणा फुलला, हात लावला की पापडासारखे पापुद्रे गळायचे. गव्हाच्या पोत्यांना बुरशी, अंथरुणांना कुबट वास आणि घरोघरी खोकला.

कंपनीचे मुख्य अभियंता सरनोबत साहेब पाहणी करून गेले आणि समाजमंदिराच्या दारावर अहवाल लागला. ओलीचं कारण, 'रहिवाशांच्या अशास्त्रीय सवयी'. बायका दर आठवड्याला भिंती शेणामातीने सारवतात, ते पाणी भिंतीत मुरतं. उपाय सोपा होता. सारवण खरवडून काढा, कंपनीचा चकचकीत जलरोधक रंग फुकट लावून घ्या आणि यापुढे सारवणार नाही असं हमीपत्र लिहून द्या.

केतकीला अहवाल शंभर टक्के पटला. का नाही पटणार? तिच्याकडे पुरावा होता! तिच्या घरी, म्हणजे नऊ नंबरात, सारवण नव्हतं. तिनेच आईच्या मागे लागून बंद करवलं होतं. आणि नऊ नंबरच्या भिंती खडखडीत कोरड्या होत्या. दोन आणि दोन चार.

"विज्ञान म्हणजे प्रयोग आणि निरीक्षण!" ट्रॉलीवरून तिने ठणकावलं. "ज्यांना पटत नाही त्यांनी आमच्या घरी येऊन भिंतीला गाल लावून बघावं!"

शिकलेल्या पोरींपुढे बायका काय बोलणार? त्यांनी मुकाट्याने दारं उघडली. तीन दिवसांत बेचाळीस घरं खरवडून झाली, उरलेल्यांनी आपली आपण खरवडली.

राहिलं फक्त एकतीस नंबर.

एकतीस नंबरच्या दारात गिरजाबाई मेश्राम खराटा घेऊन उभी होती. वय साठीच्या पुढे, बांधा काडीसारखा, आवाज मात्र लाऊडस्पीकरला लाजवणारा. जन्मभर बांधकामावर रेजा म्हणून घमेली वाहिलेली बाई. गावाची मावशी.

"ये ना, ये. खरवड," ती म्हणाली. "पहिले या खराट्याशी बोल, मंग भिंतीशी."

"मावशी, तुमच्या भल्यासाठीच करतोय आम्ही."

"माह्या भल्यासाठी आजवर लय जन येऊन गेले, पोरी. सारवनानं ओल येत असती त माह्या मायचं घर कवाच विरघयलं असतं. वल जमिनीतून चढून रायली. भिंतीले जलमतांना पानीच पाजलं नाई यायनं. तहानलेली भिंत जमिनीतून पिनच ना?"

"भिंतीला तहान लागत नसते, मावशी," केतकी समजुतीच्या सुरात म्हणाली. "ती निर्जीव असते. तिसरीच्या पुस्तकात आहे."

पोरं फिसकन हसली.

"हासा. दात चांगले हायेत, हासून घ्या." गिरजामावशीने खराटा आडवा धरला. "मी त्या छापखान्यावर होती. माह्या डोयानं पाह्यलं. साहेबाले सांगतलं, मुकादमाले सांगतलं, तीन अर्ज देल्ले. मले कामावरून काढलं ते यासाठीच. तुह्या बापाले इचार."

केतकीचे बाबा, दिवाकर निखाडे, तेव्हा त्या साइटचे सुपरवायझर होते. अजूनही कंपनीतच होते. केतकीने काही विचारलं नाही. म्हातारी बाई, नोकरी गेल्याचा राग मनात धरून बसलीय, एवढंच तिला वाटलं. पंधरा दिवसांनी शाळेत सरनोबत साहेबांच्या हातून तिला प्रमाणपत्र मिळालं. 'बालवैज्ञानिक जनजागृती.' ते तिने कोरड्या भिंतीवर, खिळा ठोकून लावलं.

०

चार महिन्यांत ओल छातीपर्यंत चढली.

केतकीची मैत्रीण दीपाली उईके बेचाळीस नंबरात राहायची. एका दुपारी त्या घराच्या भिंतीचा पुढचा थर चकचकीत रंगासकट सुटला आणि धाडकन पाळण्यावर पडला. दीपालीचा धाकटा भाऊ नेमका तेव्हा आईच्या कडेवर होता, म्हणून वाचला. केतकी धावत गेली. पाळण्यात परातभर ओली माती पडली होती, आणि तिच्यावर रंगाचा तुकडा दुधाच्या सायीसारखा लोंबत होता.

दीपाली तिच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तूच खरवडली होती ना ही भिंत?"

आठवड्याने दुसरा अहवाल लागला. चाळीस ते चौसष्ट नंबरची 'क' ओळ राहण्यास अयोग्य. दुरुस्तीची हमी रद्द, कारण नुकसान रहिवाशांच्या जुन्या सवयींमुळे झालेलं. 'क' ओळीतल्या कुटुंबांनी पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये जावं. कोणाची हरकत असेल तर दीड महिन्याने समाजमंदिरात पुनर्वसन अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे, तिथे यावं.

"सवयी?" केतकी समाजमंदिराच्या दारासमोर उभी राहून जवळजवळ किंचाळली. "सारवण काढून चार महिने झाले! रंग तुमचा! मग ओल वाढली कशी? कोणाच्या सवयीने?"

दार काय बोलणार? पण तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं ते तिथेच. पुराव्यावर तिचा विश्वास होता, आणि पुरावा तिच्या तोंडावर उलटला होता.

त्याच महिन्यात जिल्ह्याच्या विज्ञान योजनेतून शाळेत एक नवीन यंत्र आलं होतं. नाव रंध्रदर्शक. आकार आणि वजन अगदी इस्त्रीसारखं, म्हणून मुलं त्याला इस्त्रीच म्हणायची. विज्ञानाच्या खोब्रागडे मॅडमनी ते टेबलावर ठेवलं आणि केतकी थेट मुद्द्यावर आली.

"मॅडम, ही इस्त्री भिंतीच्या आत बघू शकते?"

"भिंतीतल्या पाण्याला बघू शकते. आणि पाण्यावरून छिद्रांना."

मग मॅडमनी फळ्यावर समजावलं, ते असं. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो, आणि त्याचा गाभा इवल्याशा होकायंत्रासारखा वागतो. इस्त्रीतलं चुंबक त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करतं. मग रेडिओलहरीचा एक धक्का. रांग मोडते. आता गंमत ही, की रांग पुन्हा लागायला किती वेळ लागतो ते पाणी कुठे बसलंय त्यावर ठरतं. बारीक छिद्रातलं पाणी सारखं छिद्राच्या भिंतीला आपटत असतं, ते लगेच निवतं. मोठ्या पोकळीतलं बराच वेळ उधळलेलं राहतं. अरुंद बोळात सोडलेली मुलं चार पावलांत गप्प होतात आणि मैदानात सोडलेली तासभर हुंदडतात ना, तसंच. तो वेळ मोजला की कळतं, भिंतीत बोळ किती आणि मैदानं किती.

"आणि सिमेंटचं काय होतं आत?"

"सिमेंट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं. साफ चूक. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. पाणी मिळालं की त्याच्या कणांतून काटेरी झुडपासारखे स्फटिक वाढतात आणि मातीतल्या पोकळ्या बुजवतात. मोठ्या वाटा बंद होतात, बारीक आणि तुटक उरतात. पण त्याला दिवस लागतात. म्हणून गवंडी रोज पाणी मारतो. पहिल्या दोन दिवसांत भिंत वाळली, तर सिमेंट अर्ध्यात झोपी जातं. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या तशाच राहतात, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं."

केतकी म्हणाली, "म्हणजे... भिंतीला तहान लागते."

"असं म्हण हवं तर. छान म्हणालीस."

"मी नाही म्हटलं, मॅडम," ती पुटपुटली. "गिरजामावशी म्हणाली होती. आणि आम्ही फिदीफिदी हसलो होतो."

मग तिनेच विचारलं, "आणि सारवण?"

"सारवणाला पाणी किती लागतं गं? दोन तांबे. दुपारपर्यंत उडून जातं. उलट सारवणाचा थर मोकळा, सच्छिद्र. भिंतीतली ओल त्यातून बाहेर श्वास टाकते, क्षार त्यातच साठतात. पुढच्या आठवड्यात जुना थर झडला, नवा हात फिरवला. तुम्ही तो काढून वर रंगाचं झाकण लावलंत. ओलीला बाहेरची वाट बंद. मग ती वर चढणार नाहीतर काय?"

केतकीला वाटलं, ती ट्रॉली, तो माइक आणि ते प्रमाणपत्र सगळं उचलून खाणीत फेकावं.

पण फेकून भागणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, नुसतं यंत्र दाखवून कोणी मानणार नाही, आधी आपली मोजपट्टी तयार करू. मग दहावी 'अ'ने त्याच काळ्या मातीच्या, त्याच प्रमाणाच्या विटा पाडल्या. काहींना दोन दिवस पाणी मारलं, काहींना सात, चौदा, एकवीस. प्रत्येकीवर इस्त्री ठेवून आलेख काढला. महिनाभरात अशी पट्टी तयार झाली की भिंतीवर इस्त्री ठेवावी आणि सांगावं, हिने जन्मल्यावर किती दिवस पाणी प्यालं.

०

मग केतकी, दीपाली आणि इस्त्री घरोघर फिरल्या. दीपाली बोलत नव्हती, फक्त आकडे लिहीत होती.

एक नंबर, दोन दिवस. दोन नंबर, दोन. तीन नंबर, दीड. बेचाळीस नंबर, दोन. दोन, दोन, दीड, दोन. दर घरी केतकीच्या कानशिलाची शीर आणखी ताठ होत होती. भर उन्हाळा, सेहेचाळीस अंशांचं ऊन आणि कोवळ्या भिंतीला दोन दिवस पाणी? कंपनीच्या साहेबांनी स्वतः दोनच दिवस पाणी पिऊन उन्हाळा काढला असता का?

एकतीस नंबरला खराटा कोपऱ्यात होता. गिरजामावशीने इस्त्रीकडे संशयाने पाहिलं.

"कपडे नाईत माह्याकडे इस्त्रीचे."

"भिंतीला लावायचीय, मावशी."

आकडा आला एकवीस.

"एकवीसच," मावशी मान हलवत म्हणाली, जणू यंत्र परीक्षेत पास झालं होतं. "घरांची यादी पहिलेच लागली होती. एकतीस माहं, हे मले ठाऊक होतं. रेशनच्या गव्हाचे गोनपाट भिंतीले गुंडायले, अन् सकाय-संध्याकाय भिजवले. लपून नाई, साहेबाच्या डोयापुढं. साहेब म्हने, भिंतीच्या मसाल्यात औषध हाय, पानी लागत नाई. मी म्हनलं, ते औषध थंड मुलकाचं असन, आमच्या उनाले थे काय पुरते? पाचव्या दिवशी कामावरून काढलं. मंग उरलेले दिवस घरची मानूस म्हून येऊन भिजवलं."

"कोणी काढलं, मावशी?"

म्हातारी भिंतीवर पंजा ठेवून नुसती उभी राहिली.

शेवटी नऊ नंबर राहिला. आपल्या घराचा आकडा काय यायचा तो यायचा, केतकीला घाई नव्हती. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ओट्यामागच्या भिंतीवर, प्रमाणपत्राच्या खाली, केतकीने इस्त्री टेकवली.

चौदा.

तिने पुसून पुन्हा टेकवली. चौदा. पलीकडच्या भिंतीला, चौदा. न्हाणीपाशी, तेरा.

"आई, आपल्या भिंतींना पाणी कोणी मारलं होतं?"

आईचे हात परातीत थांबले. "त्या उन्हाळ्यात तुझे बाबा पहाटेच पाइप घेऊन निघायचे. मला वाटायचं, साइटचंच काम. नवीन घरं आहेत, सगळ्यांनाच मारत असतील." मग तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सगळ्यांना नाही मारलं?"

दीपालीने वही मिटून ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. त्यापेक्षा तिने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

बाबा दुपारी जेवायला आले. पाटावर बसायच्या आधीच केतकीने वही त्यांच्यासमोर धरली.

"बासष्ट घरांना दोन दिवस. मावशीला एकवीस. आपल्याला चौदा. बोला."

दिवाकर निखाड्यांनी वही वाचली. डोळ्यांवरचा चष्मा काढला. "हे यंत्र सांगतं?"

"भिंत सांगते. यंत्र नुसतं वाचतं."

"हुकूम होता, केतकी. चौसष्ट घरं शंभर दिवसांत द्यायची होती. टँकर परवडत नव्हता त्यांना. औषध आहे मसाल्यात, पाण्याची गरज नाही, असं सरनोबत साहेब म्हणाले."

"तुम्हाला पटलं?"

बाबा चष्म्याची काच पुसू लागले.

"पटलं असतं तर आपल्याच घराला मारलं नसतं पाणी!"

"तू बारा वर्षांची होतीस. दोन उन्हाळे पत्र्याखाली काढलेस. घामोळ्यांनी अंगावर जागा सोडली नव्हती." त्यांनी वही मिटली. "एका घरापुरतं पाणी मला लपवता येत होतं. चौसष्ट घरांचं नाही."

"आणि मावशी? तिने तरी काय वेगळं केलं होतं?"

"ती साहेबांसमोर पाणी मारत होती. मला तिला काढावंच लागलं."

"म्हणजे तिने उघड मारलं म्हणून ती गेली, आणि तुम्ही लपून मारलं म्हणून तुम्ही राहिलात!" केतकीचा आवाज गल्लीपर्यंत गेला. "आणि मी? मी अख्ख्या गावाला सांगत फिरले, या, आमच्या भिंतीला गाल लावून बघा! तुम्ही ऐकत होता बाबा! ट्रॉलीच्या बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होता!"

"रजिस्टरवर माझी सही आहे," बाबा म्हणाले. "प्रत्येक घरापुढे लिहिलंय, सात दिवस पाणी मारलं. तू हे बाहेर काढलंस तर आधी मी जाईन."

आई चुलीपाशी पाठमोरी होती. ती वळली नाही, पण बोलली. "आणि नाही काढलं तर 'क' ओळ पत्र्याखाली जाईल. पाळण्यासकट."

भाकरी तव्यावर करपली. कोणी उलटली नाही.

०

सुनावणीला समाजमंदिर खचाखच भरलं होतं. पुनर्वसन अधिकारी वाघधरे बाई मधल्या खुर्चीवर होत्या. उजवीकडे कंपनीची रांग होती. सरनोबत साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात बसले होते आणि त्यांच्या शेजारी मान खाली घालून दिवाकर निखाडे.

केतकीने आलेख लावले, विटा मांडल्या, सगळं सांगितलं. ट्रॉलीवरचा तोरा नव्हता, पण आवाज थरथरलाही नाही. सरनोबत साहेब शेवटपर्यंत हसतमुख राहिले.

"मुलीचं खरंच कौतुक आहे," ते म्हणाले. "आम्हीच तिला प्रमाणपत्र दिलंय. पण मॅडम, हे शाळेतलं उपकरण आहे, एक प्रकारचं खेळणं. आमच्याकडे अधिकृत रजिस्टर आहे. चौसष्ट घरं, प्रत्येकी सात दिवस पाणी, रोजची सही. आणि सही कोणाची, तर या मुलीच्या वडिलांची." त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "आता खोटं कोण बोलतंय ते घरात ठरवा म्हणावं."

कंपनीच्या रांगेत हशा झाला.

वाघधरे बाई हसल्या नाहीत. "बाळ, रजिस्टर म्हणतं सगळीकडे सात. तुझं यंत्र काय म्हणतं?"

"सात कुठेच नाही, मॅडम. बासष्ट घरांत दोन किंवा दीड. एकतीस नंबरात एकवीस. आणि नऊ नंबरात चौदा."

"नऊ नंबर कोणाचं?"

एवढं साधं उत्तर! समोर दीपाली बसली होती, कडेवर भाऊ. केतकीने बाबांकडे न बघता सांगितलं.

"आमचं."

मागून एका बाईचा आवाज आला, "अगं माय!" आणि एकदम गलका उठला. त्या गलक्यात दिवाकर निखाडे उभे राहिले. हात उंच केला, जसा साइटवर यंत्र थांबवायला करायचे.

"यंत्र बरोबर आहे. मसाला संपला की रोज संध्याकाळी मी सात दिवसांचे आकडे लिहायचो. साहेब लिहायला सांगायचे, मी लिहायचो. माझ्या घराला पाणी मी मारलं. चौदा दिवस. आणि मारायलाच हवं असं सांगणाऱ्या गिरजाबाईला मी कामावरून काढलं." त्यांनी सरनोबतांकडे पाहिलं. "हुकमाचे संदेश माझ्या फोनमध्ये आहेत, साहेब. तीन वर्षं जपून ठेवलेत. का ठेवले, ते मलाही आज कळतंय."

सरनोबतांच्या चेहऱ्यावरचं हसू लोणा लागलेल्या भिंतीच्या पापुद्र्यासारखं गळून पडलं.

वाघधरे बाईंनी तासाभराने निर्णय वाचला. कोणालाही पत्र्याखाली जायचं नाही. कंपनीने स्वखर्चाने रंग काढावा, जोत्यापाशी भिंत कापून ओल अडवणारा थर घालावा, आणि झोपलेलं सिमेंट जागं व्हावं म्हणून प्रत्येक भिंत एकवीस दिवस भिजती ठेवावी. रजिस्टरची चौकशी वेगळी. शेवटी त्या केतकीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्यासारख्या हुशार मुलीमुळे आज सत्य बाहेर आलं. शाबास!"

टाळ्या सुरू झाल्या, आणि केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टाळ्या नकोत!" ती ओरडली. माइक नव्हता, गरजही पडली नाही. "मॅडम, माझ्यामुळे काही बाहेर आलेलं नाही. गिरजामावशी तीन वर्षांपूर्वीच हे बोलली होती. हेच! शब्दाला शब्द! तिने अर्ज दिले, त्यावर पोच नाही. तिची नोकरी गेली. मी तिच्या दारात उभी राहून तिला तिसरीचं पुस्तक शिकवलं. मावशीने सांगितलं तेव्हा तो अडाणीपणा, आणि इस्त्रीने सांगितलं तेव्हा ते विज्ञान? तिने पन्नास वर्षं भिंतींवर हात फिरवला, ते निरीक्षण नव्हतं? एकवीस दिवस गोणपाट भिजवले, तो प्रयोग नव्हता? मग निर्णयात तिचं नाव का नाही?"

वाघधरे बाईंनी पेनचं टोपण काढलं. "पूर्ण नाव सांगा बाईंचं."

०

बाबांची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. नळावर आई गेली की बाकीच्या बायका आपल्या बादल्या पलीकडे सरकवायच्या. त्यात चूक काय होती? केतकी गिरजामावशीची माफी मागायला गेली, तेव्हा मावशी भिंतीला टेकून सुपारी कातरत होती.

"माफी खायची का प्यायची, पोरी? बेचाईस घरं खरवडली ना तुनं? भिंती भिजून वाळल्या का बेचाईस घरं सारवाची. मी शिकवतो. तोवर बादली उचल. अन् बापालेही आन. त्याले पाइप धरता येते, हे आता साऱ्या गावाले ठाऊक हाय."

चौकशी सुरू असेपर्यंत भिजवण्याच्या कामावर गिरजाबाई मेश्राम देखरेख करतील, असं निर्णयातच लिहिलेलं होतं. मग काय! छापील घरांनी गोणपाटाची लुगडी नेसली. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरू लागले, आणि कुठूनही मावशीचा आवाज यायचा, "निखाडे, कोपरा सुटला! पहिल्यासारखंच काम हाय का तुमचं?" बाबा मुकाट्याने मागे फिरायचे आणि कोपरा भिजवायचे. कोणी मजुरी देत नव्हतं. त्यांनी मागितलीही नव्हती.

बेचाळीस नंबरचं भिजवणं संपायचं होतं त्या दिवशी केतकी इस्त्री घेऊन गेली. नवीन रजिस्टर बाबांच्या हातात होतं. या वेळी त्यात दोन सह्यांची जागा होती. एक हाताने तपासणाऱ्याची, एक यंत्राने तपासणाऱ्याची. बाबांनी तारखा मोजल्या आणि पेन टेकवलं. "एकवीस झाले."

"थांबा," गिरजामावशी म्हणाली. तिने गोणपाट बाजूला केलं, भिंतीवर पंजा टेकवला आणि डोळे मिटले. दीपाली भावाला घेऊन दारात उभी होती. ती पहिल्यांदाच केतकीच्या बाजूला सरकली, बघायला.

"नाई झाली. अजून दोन दिस पायजे."

केतकीने त्याच जागी इस्त्री लावली. रांग लागली, मोडली, पुन्हा लागली. पडद्यावर आकडा आला.

एकोणीस.

बाबांनी बोटांवर तारखा पुन्हा मोजल्या. "मधे दोन दिवस टँकर आला नव्हता. मी... मोजताना ते धरले."

पेन अजून कागदावर टेकलेलं होतं, एकवीस लिहिताना आधी उमटलेल्या दोनाच्या आकड्यापाशी. केतकी बघत राहिली. बाबांनी दोन खोडला, शेजारी ठळक एकोणीस लिहिलं, आणि पाइप उचलून नळाकडे निघाले.